गच्चीवरची भूत जोलोकिया : वळलेल्या पानांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडची एक जुनी, तीन मजली सोसायटी. गच्ची सामाईक, पण तिथल्या एका कोपऱ्यात कुंड्या ठेवायला एका बाईंना सगळ्यांनी केव्हाच होकार दिलेला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. या लेखात त्यांना नुसतं ताई म्हणू. लवंगी मिरची, वांगी, कढीपत्ता, गवती चहा, पावसाळ्यात दोडका-घोसाळी असं त्या वर्षानुवर्षं घेत आल्या आहेत. म्हणजे हे प्रकरण नवख्या माणसाचं नाही, आणि म्हणूनच ते सविस्तर लिहावंसं वाटलं. साध्या मिरचीत हात बसलेल्या माणसालाच अतितिखट मिरची जास्त गोंधळात टाकते. झाड ओळखीचं दिसतं, वागतं मात्र निराळं.

ताईंचा मुलगा नोकरीनिमित्त जोरहाटला असतो. डिसेंबरच्या सुटीत तो आला तेव्हा भूत जोलोकियाच्या मूठभर ताज्या, पिकलेल्या मिरच्या घेऊन आला. सोबत चुलीवरच्या धुरात वाळवलेल्या काही होत्या. "आई, तुझ्या गच्चीवर येते का बघ," एवढंच त्याचं म्हणणं. याशिवाय ताईंनी 'कॅरोलिना रीपर' (ही आणखी एक अतितिखट मिरची) असं छापलेलं बियांचं एक पाकीटही ऑनलाइन मागवलं.

भूत जोलोकिया आसाम, नागालँड, मणिपूरची. तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने २००० साली तिचा तिखटपणा साडेआठ लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायच्या एककाच्या) घरात असल्याचं जाहीर केलं. २००७ मध्ये गिनीजने तिची जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंद केली तेव्हा तो आकडा दहा लाखांच्या वर गेला होता. पुढे २०१३ मध्ये कॅरोलिना रीपर आणि २०२३ मध्ये पेपर एक्स तिच्या पुढे गेल्या. आपल्या ज्वाला, ब्याडगी, ढोबळी या सगळ्या कॅप्सिकम ॲनम जातीतल्या. भूत जोलोकिया आणि रीपर मात्र कॅप्सिकम चिनेन्समध्ये मोडतात. ही जात उगवायला, वाढायला आणि पिकायला भरपूर वेळ घेते. या प्रकरणातले निम्मे घोळ या एका गोष्टीतून झाले.

ताई रोजच्या रोज वही लिहितात. माझा संबंध जुलैत आला. त्याआधीचं सगळं त्या वहीवरून मांडते आहे.

बी उगवेना

बी काढतानाच पहिला दणका बसला. नेहमीच्या सवयीने ताईंनी मिरच्या उघड्या हातांनी चिरल्या. अर्ध्या तासात बोटं पेटली आणि रात्रभर धगधगत राहिली. पाण्याने हात धुऊन काही उपयोग झाला नाही, कारण मिरचीला तिखटपणा देणारं द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते तेलात विरघळतं. आधी तेल चोळायचं, मग भांड्यांच्या साबणाने ते तेल काढून टाकायचं, हा क्रम त्यांना मुलाने फोनवर सांगितला. त्वचा खरोखर भाजलेली नसते, तरी भाजल्यासारखं वाटतं, कारण चटका ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरचं जे प्रथिन उष्णतेने जागं होतं तेच कॅप्सेसिननेही जागं होतं. या प्रथिनाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

बी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, टाकलं. पुण्यात तेव्हा रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात. लवंगीचं बी दहा-बारा दिवसांत वर येतं, म्हणून ताई तेवढेच दिवस थांबल्या. मग त्यांनी पाणी वाढवलं, आणि काही बिया कुजल्या. चिनेन्सच्या बियांना २५ ते ३० अंशांची ऊब लागते, आणि ती मिळाली तरी दोन ते पाच आठवडे लागू शकतात. तिसऱ्या आठवड्यात ताईंनी ट्रे जुन्या फ्रीजच्या डोक्यावर ठेवला, पाणी कमी केलं आणि वर प्लास्टिक झाकलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ताज्या मिरच्यांच्या बियांतून रोपं आली. धुरात वाळवलेल्या मिरच्यांचं एकही बी उगवलं नाही. त्यात नवल नाही, चुलीवरच्या उष्णतेत बीजांकुर टिकत नाही. पाकिटातलं बी मात्र आठवड्याभरात भराभर उगवलं होतं. तेव्हा ताईंना आनंद झाला. खरं तर शंका यायला हवी होती.

उन्हाळा

मार्चअखेर भूत जोलोकियाची सहा रोपं काळ्या ग्रो बॅगांमध्ये लागली. पोयटा माती, कोकोपीट, गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, असं मिश्रण उत्तमच होतं. पण बॅगा थेट स्लॅबवर होत्या. एप्रिलच्या दुपारी सिमेंटची गच्ची तापते, काळं प्लास्टिक त्याहून तापतं आणि मुळं मधल्यामध्ये शिजतात. रोपं दुपारी मान टाकत, म्हणून ताई दुपारीही पाणी देत.

मे महिन्यात झाडं गुडघ्याएवढी झाली. एकेका पेरावर दोन-तीन फुलं येत आणि देठासकट गळून पडत. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्रीही २४ च्या आसपास असला की मिरचीचे परागकण कमकुवत होतात आणि फूल धरत नाही. हे झाडाचं आजारपण नव्हे. त्या हवेत झाड तसंच वागणार. पण वहीत त्या दिवसांत लिहिलंय, "फुलगळ. खत कमी पडतंय." शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी युरिया सुचवला. ताईंनी पंधरवड्यातून दोनदा चमचा-चमचा दिला. झाडं हिरवीगार झाली, पानं मोठी आणि लुसलुशीत. फुलं तरीही गळत राहिली.

मला या प्रकरणातला कळीचा क्षण हा वाटतो. फुलगळीचं कारण हवेत होतं, उपाय मातीत शोधला गेला. युरियातल्या जादा नत्राने आलेली कोवळी, रसाळ पालवी म्हणजे रस शोषणाऱ्या किडींना आवतण.

पानं वळली, दोनदा

मेच्या अखेरीस शेंड्याची पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली. खालून चंदेरी चमक आणि बारीक ओरखडे. ताईंनी फोटो काढून वहीत चिकटवलाय, त्यामुळे आज खात्रीने सांगता येतं की ते फुलकिडे होते. कोरड्या उन्हाळ्यात ते येतातच. नर्सरीवाल्याने पान न उलटता निदान केलं, "मॅडम, बोकड्या (पानं वळण्याचा रोग) आहे, हे मारा," आणि एक आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक दिलं. फवारलं, आठ-दहा दिवसांत फरक पडला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसे फुलकिडे आणखी घटले. औषध लागू पडलं, असा ताईंचा समज पक्का झाला.

जुलैच्या सुरुवातीला पानं पुन्हा वळली. ताईंनी तेच औषध दोनदा मारलं आणि मधे कडुनिंबाचं तेलही फवारलं. झाडं आणखी बिघडली. शेंडे खुरटले, पानं अरुंद आणि चामड्यासारखी झाली, कळ्या उमलण्याआधीच काळ्या पडू लागल्या. तेव्हा त्यांचा फोन आला, "सहाही उपटून टाकू का?"

मी गच्चीवर गेले तेव्हा आधी पान हातात घेऊन पाहिलं. या वेळी कडा खालच्या बाजूला वळल्या होत्या, पानाचा देठ लांबला होता आणि पाठीमागे तपकिरी, तेलकट झाक होती. हे काम पिवळ्या कोळ्याचं. तो कीटक नाही, कोळ्यांच्या वर्गातला आठ पायांचा जीव आहे. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दहापट भिंग शेंड्याच्या कोवळ्या पानामागे लावलं तर फिकट ठिपके सरकताना दिसतात. दमट, उबदार, सावलीची हवा त्याला मानवते, आणि पावसाळ्यातली शेडनेटखालची गच्ची म्हणजे नेमकं तेच. फुलकिड्यांवरच्या औषधाने तो मरत नाही. त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात.

समोरचे पर्याय

ताईंसमोर चार वाटा होत्या.

झाडं उपटून त्या जागी लवंगी लावायची, ही पहिली. ती चुकीची म्हणता येणार नाही. जुलै हा लवंगीच्या लागवडीचाच काळ, आणि सहा महिन्यांत एकही मिरची न दिलेल्या झाडांवर आणखी किती राबायचं हा प्रश्न रास्त होता. दुसरी वाट आणखी जहाल औषधाची. नर्सरीवाला त्यासाठी तयारच होता. पण शेजारी वांगी आणि कढीपत्ता होता, घरात रोज त्यातलंच काही शिजत होतं, आणि गच्चीवरच्या तुळशीवर मधमाश्या येत होत्या. तिसरी वाट झाडं तशीच ठेवून पावसाळा सरायची वाट पाहण्याची. चौथी, छाटणी करून फक्त कोळ्यावर उपाय करायचा आणि नवी पालवी कशी येते ते पाहायचं.

मी चौथी सुचवली. कारण एक शंका अजून फिटलेली नव्हती. पांढरी माशी मिरचीवर पर्णगुच्छाचा विषाणू आणते, आणि त्यातही पानं वळतात. विषाणू असेल तर झाड बरं होत नाही, त्याच्यावर औषध नाही. आजारी पानाकडे पाहून कोळी आणि विषाणू यांत दर वेळी फरक करता येत नाही, पण नव्या पालवीवरून करता येतो. कोळी मारल्यावर पालवी सरळ आली तर झाड निरोगी. कोळी नसतानाही पालवी आकसलेली, शिरा पिवळट आणि पेरं आखूड राहिली तर ते झाड काढायचं. मिरची बहुवर्षायू आहे, छाटली तरी जोमाने फुटते. म्हणजे या कसोटीत गमवायचा होता तो फक्त महिना-दीड महिना.

ताईंना हे पटायला वेळ लागला. "इतकी पालवी कापायची?" असं त्या दोनदा म्हणाल्या.

काय केलं

प्रत्येक झाडाचा वरचा तिसरा हिस्सा छाटला. छाटलेलं सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात दिलं, कंपोस्टमध्ये टाकलं नाही. युरिया बंद. शेडनेट काढलं. बॅगा विटांवर ठेवून दोन झाडांत हातभर अंतर केलं, म्हणजे हवा खेळेल.

कोळ्यावर उपाय म्हणून पाण्यात मिसळणारं गंधक निवडलं, लिटरला २ ग्रॅम. पण ते लगेच मारलं नाही. कडुनिंबाचं तेल फवारून चारच दिवस झाले होते, आणि तेलाचा थर पानावर असताना गंधक मारलं तर पानं करपतात. दोन आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. तोवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या पाठीमागे मारत राहायचं ठरलं. गंधकासाठी उघडिपीची संध्याकाळ लागते, पावसात ते धुऊन जातं आणि कडक उन्हातही पान भाजतं. ऑगस्टमध्ये तशा दोन संध्याकाळी दहा दिवसांच्या अंतराने मिळाल्या. ताईंनी भिंग विकत घेतलं आणि दर दोन-तीन दिवसांनी शेंडे तपासून वहीत नोंद केली. माझ्या मते सगळ्या उपायांत हाच सर्वांत मोलाचा.

सप्टेंबरच्या मध्याला चार झाडांची पालवी सपाट, रुंद आणि ताजी आली. दोन झाडांची पालवी भिंगाखाली कोळी नसतानाही आकसलेलीच राहिली. ती दोन मुळासकट काढली.

याच सुमारास पाकिटातल्या 'रीपर'चा उलगडा झाला. त्या झाडांना मे महिन्यातही थोड्या मिरच्या धरल्या होत्या. लांब, गुळगुळीत, जेमतेम तिखट. चिनेन्स ओळखायची एक सोपी खूण आहे. देठ जिथे मिरचीच्या टोपीला मिळतो तिथे एक आवळलेली कड असते, दोरा करकचून बांधावा तशी. शिवाय एका पेरावर दोन ते पाच फुलं लटकतात. या झाडांना एका पेरावर एकच पांढरं फूल होतं आणि कड नव्हती. ती साधी ॲनम होती. आठवड्यात उगवलेलं बी हेच सांगत होतं.

गच्चीवरचा प्रसंग

ऑक्टोबरमध्ये रात्री गार होऊ लागल्या, फुलं धरली. नोव्हेंबरअखेर पहिल्या मिरच्या लाल झाल्या. खरबरीत सालीच्या, सुरकुतलेल्या, टोकाला निमुळत्या. बुलबुल त्यांवर तुटून पडले. पक्ष्यांना कॅप्सेसिनचा दाह जाणवतच नाही, म्हणून जाळी लावायची असं ठरत होतं. त्याआधीच दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची सात वर्षांची नात कपडे वाळत घालायला आजीबरोबर वर आली, तिने एक लाल मिरची तोडून कुस्करली आणि त्याच हाताने डोळा चोळला.

पोरीच्या रडण्याने तिन्ही मजले गोळा झाले. ताईंनी तिचा डोळा स्वच्छ पाण्याच्या धारेखाली बराच वेळ धरला. डोळ्याला हाच एक उपाय आहे, तेल किंवा दूध डोळ्यात घालायचं नाही. हात तेलाने आणि मग साबणाने धुतले. डॉक्टरांकडे नेऊन आणलं, संध्याकाळपर्यंत डोळा निवळला. त्या रविवारी सोसायटीची बैठक बसली आणि झाडं काढावीत असा सूर निघाला. काकूंचा राग योग्यच होता. दहा लाखांच्या घरातलं तिखट मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर, कपड्यांच्या दोरीखाली, काहीही न लिहिता ठेवलेलं होतं.

झाडं घरच्या बाल्कनीत हलवणं शक्य होतं, पण तिथे सकाळचे दोन तास ऊन येतं. मिरचीला किमान सहा तास लागतं. ताईंनी स्वतःहून मांडलं की टाकीमागच्या कोपऱ्यात लोखंडी चौकट आणि जाळी बसवते, कुलूप लावते, मोठी पाटी लावते, आणि किल्ली फक्त माझ्याकडे राहील. पहिल्या नुकसानीला झाडं काढीन असंही लिहून दिलं. बैठकीने ते मान्य केलं. त्याच जाळीने बुलबुलांचाही प्रश्न सुटला.

काय निष्पन्न झालं

डिसेंबर ते फेब्रुवारी चार झाडांनी घराला पुरून उरतील इतक्या मिरच्या दिल्या. अर्धी मिरची चार माणसांच्या आमटीला पुरते, तेव्हा हे उत्पादन थोडं नाही. पहिल्यांदा ताईंनी ठेच्यासाठी एक मिरची तव्यावर भाजली आणि घरात सगळ्यांना असा ठसका लागला की दारं-खिडक्या उघडून बाहेर उभं राहावं लागलं. आतला पांढरा गर काढला की तिखट उतरतं, ही नेहमीची युक्तीही चालली नाही. साध्या मिरचीत कॅप्सेसिन मुख्यतः त्या गरात असतं, या अतितिखट मिरच्यांत ते सालीच्या आतल्या बाजूलाही साठतं. आता त्या मिरच्या हातमोजे घालून चिरतात, भाजत नाहीत, मोहरीच्या तेलात लोणचं घालतात आणि उरलेल्या अख्ख्या फ्रीजरमध्ये ठेवतात. मिक्सरमध्ये वाटलं तर झाकण उघडण्याआधी दहा मिनिटं थांबतात.

मुलगा फेब्रुवारीत आला, खाल्ली आणि म्हणाला, "आई, जोरहाटची याहून कडक असते." त्याच्या जिभेवर माझा विश्वास आहे. तेजपूरची हीच मिरची कोरड्या हवेच्या ग्वाल्हेरला लावून पाहिली तेव्हा तिखटपणा निम्म्याहून खाली आला होता. पुण्याचा हिवाळाही कोरडाच.

पुन्हा लावायचं झालं तर

सर्वांत आधी मी वेळापत्रक बदलेन. जानेवारीत पेरलं की बियांना थंडी आणि फुलांना मे महिन्याचं ऊन, दोन्ही चुकीच्या वेळी भेटतात. पुण्याच्या गच्चीवर मेच्या मध्याला सावलीत बी टाकलं तर ऊब फुकट मिळते, रोपं जुलैत लागतात, फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गारव्यात येतात. कोकणात पाऊस दांडगा असल्याने मी हेच ऑगस्टमध्ये, छपराच्या आडोशाला करेन.

बॅगा पांढऱ्या आणि पहिल्या दिवसापासून विटांवर हव्यात. नत्र बेताचं. फुलं लागायच्या सुमारास युरियाच्या डब्याला हात लावायचा नाही. भिंग रोपांबरोबरच विकत घ्यावं, आणि नर्सरीत जाताना फोटोऐवजी वळलेलं पान पिशवीत घालून न्यावं. उलटून पाहिल्याशिवाय कुणी औषध देऊ लागलं तर घेऊ नये. जाळी आणि पाटी पहिली मिरची धरायच्या आधी लागली पाहिजे. या प्रकरणात ती एका मुलीच्या डोळ्यानंतर लागली, याची खंत ताईंना आजही आहे.

एक निर्णय मात्र मी जसाच्या तसा पुन्हा घेईन, छाटून वाट पाहण्याचा. ताईंचं मत थोडं वेगळं आहे. त्यांच्या मते दोन झाडं राखली असती आणि बाकीच्या जागी लवंगी लावली असती तर वर्षभराची हिरवी मिरची घरची झाली असती. स्वयंपाकघराच्या हिशेबाने पाहिलं तर त्यांचंच बरोबर आहे.

बियांचं काम यंदा त्यांनी नीट केलं. लवंगी आणि भूत जोलोकिया यांचा संकर होऊ शकतो. त्याचा परिणाम त्या वर्षीच्या मिरचीवर दिसत नाही, पुढच्या पिढीत दिसतो. म्हणून सर्वांत निरोगी झाडाच्या एका फांदीवर कळ्या असतानाच मलमलची पिशवी बांधली, फुलं उमलली की फांदी हलकेच हलवली, आणि मिरच्या धरल्यावर देठांना लाल दोरा बांधला. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवलं आहे. पाकिटावर झाडाचा क्रमांक, तोडणीची तारीख आणि "हातमोजे" एवढं लिहिलंय. यंदाची पेरणी मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. काकूंनी एक रोप मागितलंय, लवंगीचं.